लिस्बन-पोर्तोच्या पलीकडचं पोर्तुगाल

पहिल्याच खेपेत सात शहरं कोंबू नका. लिस्बन बघून झालं की तोमारला मुक्कामाला जा. थेट रेल्वेनं साधारण दोन तास लागतात. ११६० मध्ये टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या सरदारांनी तिथल्या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला. पुढे त्यालाच जोडून वाढलेल्या मठाची एक खिडकी जगप्रसिद्ध आहे. दगडात कोरलेले दोरखंड, पोवळी, गाठी... तिच्यासमोर निवांत उभे राहा, घाई करू नका. संध्याकाळी दिवसभराच्या सहलीवाले परतले की नदीकाठचं हे गाव फार सुंदर वाटतं, म्हणून मुक्कामाचा आग्रह.

वसईचा किल्ला मनापासून आवडला असेल, तर स्पेनच्या सीमेजवळचं एल्व्हास बघाच. ताऱ्याच्या आकाराची तिथली तटबंदी २०१२ पासून जागतिक वारशात आहे. जाण्याआधी परतीच्या बसची वेळ मात्र पक्की करा.

समुद्रासाठी दक्षिणेला ताविरा. पुळण समोरच्या बेटावर आहे, होडीनं जायचं. जुलै-ऑगस्टची गर्दी टाळा, सप्टेंबर उत्तम.

आणि हो, जेवणाआधी टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणी वाईट वाटून घेत नाही.