‘परिणाम दिसला तरी ती पुन्हा रोप उपटते’

अडीच वर्षांच्या मुलीचे आईबाबा एक तक्रार घेऊन आले होते. मुलीने कुंडीत घेवडा लावला, रोपं वर आली, आणि ती रोज एखादं उपटू लागली. रागवायचं नाही, परिणामातून शिकू द्यायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. म्हणून संध्याकाळी सुकलेलं रोप तिच्यापुढे धरून ते सांगत, “बघ, तू उपटलंस म्हणून मेलं.” ती रडायची आणि सकाळी पुन्हा उपटायची. “हिला कळत कसं नाही?” आईने विचारलं.

या वयात कारण आणि परिणाम यांची गाठ बसायला दोन्ही लागोपाठ, फार तर काही मिनिटांत घडावं लागतं. सकाळचं उपटणं आणि संध्याकाळचं सुकणं यांच्यामध्ये तिचं खेळणं, जेवण, झोप सगळं होऊन जातं. संध्याकाळी तिला दिसतो तो आईचा उतरलेला चेहरा. शिवाय ‘तू उपटलंस म्हणून’ असं सुनावलं की परिणामाची शिक्षा होते. मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स नैसर्गिक परिणाम आणि मोठ्यांनी ठरवलेला तर्कसंगत परिणाम वेगळे मानत. झारी उलटी केली की पाणी संपतं, हा पहिला. पाणी लोकांवर उडवलं म्हणून झारी उचलून ठेवणं, हा दुसरा. दोन्हींत सुनावण्याला जागा नाही.

उपटल्यावर ती काय करते, हे विचारल्यावर बाबा म्हणाले, “मुळाकडे बघत बसते.” उत्तर इथेच होतं. तिला मूळ पाहायचं होतं, आणि त्यासाठी तिच्याकडे उपटण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

तिला मूळ दिसेल अशी सोय करायची ठरली. घेवड्याच्या बिया रात्रभर भिजवायच्या. पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरणीला आतून ओला टिपकागद लावायचा आणि कागद व बरणी यांच्या मध्ये चार-पाच बिया सरकवायच्या. तळाशी बोटभरच पाणी, बियांना न टेकणारं. बी पाण्यात बुडून राहिलं तर त्याला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. उबदार जागी तीन-चार दिवसांत मूळ दिसू लागतं. बिया मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात. या वयाची मुलं बी नाकात घालतात, आणि ओलाव्याने ते आत फुगतं. घेवड्याचं कच्चं बी खाल्लं तर बाधतं, तेव्हा बिया हाताळताना मोठं माणूस शेजारी हवंच.

कुंड्या दोन ठेवायच्या: एक पूर्णपणे तिची, दुसरी तिच्या हाताबाहेर. तिच्या कुंडीत मुळ्याचं बी दाट पेरावं. चार-सहा दिवसांत उगवतं आणि दोन-चार रोपं गेली तरी बिघडत नाही, कारण मुळ्याची विरळणी करावीच लागते. उपटलेलं लगेच पुन्हा लावायचं असेल तर लावू द्यावं. कधी जगतं, कधी नाही.

पाण्याचा धडा जवळच्या परिणामातून उत्तम मिळतो. अर्ध्या लिटरची झारी द्यावी. सगळं पाणी एकाच जागी ओतलं की तिथे चिखल होतो, शेजारची माती कोरडी राहते. तिचं बोट दोन्हीकडे खुपसून पाहू द्यावं. तेरड्याने माना टाकल्या असतील तर तिच्या हातून पाणी घालून घ्यावं. रोप फार सुकलेलं नसेल तर बहुधा तासा-दोन तासांत सावरतं. तेवढी वाटही लांबच, म्हणून मधूनमधून तिला बघायला न्यावं. जास्त पाण्याचा परिणाम मात्र तिच्यावर सोडू नये. मुळं गुदमरून पानं पिवळी पडायला कित्येक दिवस जातात. कुंडीला भोकं आहेत ना, खालच्या ताटलीत पाणी साचत नाही ना, हे मोठ्यांनी पाहावं.

काही परिणाम कधीच ‘होऊ दे’ म्हणण्यासारखे नसतात. कण्हेर, धोत्रा, डिफेनबेकिया ही विषारी झाडं तिच्या आवाक्यात नकोत. खतं-औषधं कुलपात हवीत. पाण्याची बादली लगेच रिकामी करावी, कारण इतक्या लहान मुलाला बुडायला थोडं पाणीही पुरतं.

आईचा शेवटचा प्रश्न होता, रोप मेलं आणि ती रडली तर काय म्हणायचं? “रोप सुकलं. तुला वाईट वाटलं.” एवढं म्हणून थांबावं, जवळ घ्यावं. तिने बी मागितलं तर द्यावं, आणि नाही मागितलं तर त्या दिवशी विषय काढू नये.