प्रबंध मुलीचा आहे, तिलाच लिहू द्या

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षात आहे. पहिल्या वर्षी तिला ६४ टक्के गुण मिळाले. संशोधन प्रकल्पासाठी तिने ‘लीळाचरित्रातील महदाइसेचे प्रश्न’ हा विषय घेतला असून पुढे त्यातच पीएच.डी. करण्याचा तिचा विचार आहे. (लीळाचरित्र म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामींच्या आठवणींचा जुना मराठी ग्रंथ आणि महदाइसा ही त्यांची शिष्या.) तिच्या मोठ्या भावाने एम.एस्सी. भौतिकशास्त्राला फॉस्फर म्हणजे प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर काम केले. ते मोजता येण्यासारखे होते. हिच्या विषयात संशोधन ते काय असणार? शिवाय विषय धार्मिक आहे, कोणाच्या भावना दुखावल्या तर? मी तिला विषय बदलण्यास सांगितले, तर ती एवढेच म्हणते की ‘महदाइसा नेमके काय विचारत होती, ते मला नीट वाचायचे आहे.’ आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मोबदला घेऊन प्रबंध तयार करून देतात. त्यांच्याकडून काम करून घ्यावे आणि वाचलेल्या वेळात तिने स्पर्धा परीक्षेची तयारी करावी, असे मला वाटते. की तिने एम.ए. सोडून एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करावी? त्यात नोकरी लवकर मिळते, असे ऐकतो.
— एक पालक, नागपूर

उत्तर :

आदरणीय महोदय,
स. न. वि. वि.

आपले पत्र काळजीपोटी लिहिलेले आहे आणि मुलीच्या उत्पन्नाची चिंता वडिलांनी करणे यात गैर काहीच नाही. तिच्या गुणांबद्दल मला चिंता वाटत नाही, पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीला सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण लागतात आणि ती त्याच्या बरीच पुढे आहे. मला चिंता वाटली ती आपल्या ‘करून घ्यावे’ या शब्दांची. इतक्या मोठ्या पत्रात मुलीच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे, आणि संपूर्ण पत्रात संशोधनाबद्दलचे खरे वाक्यही तेवढेच आहे. नेमके काय विचारले गेले होते ते नीट वाचायचे आहे, असे एखादी विद्यार्थिनी म्हणते तेव्हा तिला विषय सापडलेला असतो. पुष्कळांना तो पीएच.डी.ची नोंदणी झाल्यावरही सापडत नाही. आपण मात्र त्या वाक्याला हट्ट समजून पुढे गेला आहात.

प्रबंध विकत घेण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : ही फसवणूक आहे आणि तिचा भार मुलीवर पडणार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांच्या पुढे गेले की सुधारून पुन्हा सादर करण्यापासून कारवाई सुरू होते आणि ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते. ते गृहस्थ सांगतील की सॉफ्टवेअरला सापडणार नाही असे लिहून देतो. कदाचित सापडणारही नाही. परंतु मौखिकीत माणसे समोर बसलेली असतात. अशाच एका मौखिकीला मी उपस्थित होतो. बहिःस्थ परीक्षकांनी प्रबंधातील एका तळटीपेवर बोट ठेवून अगदी साध्या स्वरात विचारले, ‘ही पोथी आपण कोठे पाहिलीत?’ त्या उमेदवाराने पोथी पाहिलेली नव्हती, आणि अशी तळटीप आपल्या प्रबंधात आहे हेही त्याला तेव्हाच कळत होते. त्याचे वडील बाहेर पेढ्यांचा पुडा घेऊन थांबले होते. त्या मुलाला वाचण्याची इच्छा नव्हती असे मला आजही वाटत नाही. त्याच्या वतीने सर्व काही आधीच ठरवून टाकले गेले होते.

आपल्या घरात यापेक्षाही नाजूक गोष्ट घडते आहे. मुलाच्या प्रयोगाचे आपण कौतुक केलेत, त्याचा विषय कोणी निवडला हे विचारले नाहीत आणि त्याचे काम दुसऱ्याने करावे असेही आपल्या मनात आले नसेल. मुलीच्या कामाला मात्र आपण पैसे देऊन उरकण्याच्या कामात जमा केले. ती हे बोलून दाखवणार नाही, पण तिच्या प्रश्नाला घरात काय किंमत आहे हे तिला समजलेले असेल. तेराव्या शतकातील एक विधवा स्त्री आपल्या गुरूला पुनःपुन्हा प्रश्न विचारते आणि चक्रधर तिच्या जिज्ञासेचे कौतुक करतात, हे लीळाचरित्रातून आपली मुलगी वाचत असताना तिला स्वतःच्याच घरी प्रश्न आवरता घ्यायला सांगितले जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता आपल्या मुख्य गैरसमजाकडे वळतो. विज्ञानात पुरावा असतो आणि साहित्यात केवळ मत असते, असे आपण धरून चालला आहात. मुलाला विचारून पाहा. फॉस्फर बनवण्याच्या एका पद्धतीत नायट्रेट क्षार आणि युरिया यांचे मिश्रण सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या मफल भट्टीत ठेवले की ते काही मिनिटांत फसफसून पेटते आणि मागे हलकी सच्छिद्र पूड उरते. पण ती पूड मिळाली म्हणजे संशोधन झाले असे तो म्हणणार नाही. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात अपेक्षेबाहेरचे एखादे शिखर दिसले, तर नमुन्यात दुसरे काही मिसळले आहे असे समजून त्याला पुन्हा सुरुवात करावी लागली असेल. मुलीच्या कामातही नमुना शुद्ध आहे का, हाच पहिला प्रश्न आहे. लीळाचरित्राचे कर्ते म्हाइंभट यांनी सुमारे १२७८ मध्ये लीळा, म्हणजे चक्रधरांच्या आठवणी, संकलित केल्या, त्या चक्रधरांचा सहवास लाभलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांना विचारून आणि चक्रधरांनंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांकडून पडताळून. मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यपरिवाराने ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. म्हणूनच तिचे अनेक पाठ, म्हणजे मजकुराची वेगवेगळी रूपे, झाले, आणि ज्याच्या स्मरणात लीळा वेगळी होती त्याचा पाठ ‘वासना’ म्हणून वेगळा नोंदवण्याची रीत पडली. तेव्हा महदाइसेचा एखादा प्रश्न एका पाठात असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर तो खरोखर तिचा की नंतर कोणी तिच्या तोंडी घातलेला, हे पाठ शेजारी ठेवून, भाषेची रूपे तपासून आणि मागचापुढचा प्रसंग पाहून ठरवावे लागते. यात ‘मला असे वाटते’ या वाक्याला स्थान नाही. निष्कर्ष चुकला तर दुसरा अभ्यासक तोच पाठ उघडून चूक दाखवू शकतो. जे तपासता येते आणि चुकीचे ठरवता येते त्याला संशोधन म्हणतात, मग साधन भट्टी असो, पोथी असो किंवा मुलाखत असो.

भावना दुखावण्याची आपली भीती अगदीच निराधार नाही, कारण महानुभाव पंथ ही जिवंत परंपरा आहे आणि तिचे ग्रंथ तिच्या अनुयायांना पूज्य आहेत. परंतु त्यावर उपाय विषय सोडणे हा नाही. धर्मतत्त्वांच्या अभ्यासाची एक जुनी शिस्त आहे : टीका किंवा समर्थन करण्यापूर्वी श्रद्धावंत काय मानतात ते त्यांना मान्य होईल अशा शब्दांत मांडता आले पाहिजे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य आणि एकमेकांहून वेगळे पदार्थ पंथ मानतो. हे समजून न घेता महदाइसेच्या प्रश्नांवर लिहिले, तर ते साहित्य म्हणूनही कच्चे राहील. ज्या सेमिनरीवरून, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंच्या विद्यालयावरून, नागपुरातील आपल्या सेमिनरी हिल्सला नाव मिळाले, तेथे ख्रिस्ती ईश्वरशास्त्र शिकणाऱ्यांनाही हीच शिस्त पाळावी लागते. आणि लीळाचरित्रावर काम केल्याने माणूस वाया जातो असे कोणी आपल्याला सांगितले असेल, तर वि. भि. कोलते हे याच नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि त्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, हे त्यांना अवश्य सांगावे.

एम.एस.डब्ल्यू.चा विचार कृपया सोडून द्यावा. नोकरी लवकर मिळते म्हणून समाजकार्याकडे वळणे हा त्या विद्याशाखेवर अन्याय आहे, आणि जी माणसे त्या विद्यार्थ्यापुढे आपले दुःख मांडतील त्यांच्यावर त्याहून अधिक. तेथे आठवड्यातून साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य असते. विदर्भातील एखाद्या गावात कर्ता पुरुष गेलेल्या घरी जाऊन बसावे लागते, मुलाखतीला संमती घ्यावी लागते, नाव उघड होणार नाही याची हमी पाळावी लागते आणि समोरची बाई बोलता बोलता थांबली तर प्रश्नावली मिटून ठेवण्याचे भान असावे लागते. ज्यांना ही ओढ आहे त्यांनी जरूर जावे. नोकऱ्यांविषयी म्हणाल, तर समुपदेशकांची आणि प्रकल्पांवरील पुष्कळशी पदे कंत्राटी असतात, म्हणजे आपण ज्या सुरक्षिततेच्या शोधात आहात ती तेथेही बांधून ठेवलेली नाही.

मराठीच्या प्राध्यापकीतही ही सुरक्षितता सहजासहजी मिळत नाही. नियमित पदांची भरती रखडते आणि तासिका तत्त्वावर काम करणारे, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण आपल्या शहरातही अनेक आहेत. म्हणून एम.ए.च्या निकालानंतर लगेच पीएच.डी.ची घाई नको. नेट आणि सेट या दोन्ही परीक्षा तिने द्याव्यात. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात, आणि कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातील असल्यास नागपुरातच मुख्यालय असलेल्या महाज्योती या शासकीय संस्थेच्या अधिछात्रवृत्तीची जाहिरात पाहत राहावे. अधिछात्रवृत्तीविना, घरच्या पैशांवर आणि केवळ नावापुढे ‘डॉक्टर’ लागावे म्हणून पीएच.डी. करण्याचा सल्ला मी कोणालाच देत नाही. स्पर्धा परीक्षा तिला स्वतःला द्यावीशी वाटली तर तिने द्यावी. तिच्या प्रबंधाची जागा रिकामी करून तेथे ती बसवू नये.

मुलीच्या विषयाबद्दल माझी एकच सूचना आहे : तो अजून मोठा आहे. सगळे प्रश्न घेण्याऐवजी तिने पूर्वार्ध किंवा उत्तरार्ध यांपैकी एकच भाग निवडावा, दोन मुद्रित आवृत्त्या समोर ठेवाव्यात आणि महदाइसेचा प्रत्येक प्रश्न, त्याआधीचा प्रसंग, मिळालेले उत्तर आणि पाठातील फरक यांची वहीत नोंद करावी. ही नोंद पुरी झाली की प्रकल्पाचा अर्धा भाग हातात आलेला असेल, आणि पुढे पीएच.डी. केली तर त्याच वहीवर तिचे काम उभे राहील. मार्गदर्शकांकडे तिने एकटीने जावे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरला तिने निदान एकदा जाऊन यावे. तेथे महानुभावांचे मठ आहेत आणि शासनाने मराठी भाषा विद्यापीठही तेथेच स्थापन केले आहे. मठात गेल्यावर ‘दंडवत प्रणाम’ म्हणावे, आपण कशासाठी आलो ते सरळ सांगावे आणि पोथी दाखवली नाही तर आग्रह धरू नये. या प्रवासाला आपण तिच्यासोबत जायला माझी हरकत नाही, मात्र महंतांशी बोलणे तिला करू द्यावे. त्या गृहस्थांना देण्यासाठी जी रक्कम आपण मनात धरली असेल, तिच्यातून हा प्रवास, दोन्ही आवृत्त्या आणि लागतील तेवढ्या छायाप्रती यांचा खर्च सहज भागेल.