पियानो कुठे गेला?

प्रश्न : अमेरिकन पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांचा ‘ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज’ हा अल्बम जॅझ पियानो ऐकायचा म्हणून लावला, तर सुरुवातीलाच नुसतं चर्चमधलं समूहगान. पियानोचा पत्ता नाही. याला जॅझ का म्हणायचं? शिवाय मी देवाधर्मातला नाही. पुढे ऐकू का?

उत्तर : पहिल्या खेपेला मीसुद्धा रेकॉर्ड थांबवून लेबल वाचलं होतं. पण तुम्ही घाई केलीत. त्या समूहगानात, म्हणजे पहिल्याच स्तोत्रात, मध्यावर पियानो येतो, लॅटिन ठेका धरून, थोडकाच. त्याआधीचे गळे नीट ऐका. एकावर एक रचलेले स्वर इतके घासून जातात की वाटतं, आता बेसूर होणार. होत नाहीत. हे जॅझ पियानिस्टचेच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ, आहेत, बोटांऐवजी माणसांना वाटून दिलेले.

विल्यम्सबाई पियानोपासून दूरही राहिल्या होत्या. 1954 साली पॅरिसमध्ये चालू कार्यक्रमातून उठल्या, त्या पुढे जवळपास तीन वर्षं मंचावर आल्याच नाहीत. 1957 मध्ये कॅथलिक झाल्या. व्यसनात रुतलेल्या वादकांना न्यूयॉर्कच्या आपल्या घरी ठेवून घ्यायच्या. त्यांच्या मदतीसाठी जुन्या वस्तूंचं दुकानही काढलं. हे स्तोत्र ज्यांच्यावर आहे ते मार्टिन डी पोरेस अशाच वळणाचे : पेरूतल्या लिमा शहरात मठात झाडू मारणारे, आजाऱ्यांची सेवा करणारे, आई गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णीय. 1962 मध्ये पोपनी त्यांना संतपद दिलं आणि त्याच वर्षी हे स्तोत्र गायलं गेलं. शब्द फादर अँथनी वूड्स यांचे. अल्बम 1964 चा, बाईंच्या स्वतःच्या कंपनीचा.

याच अल्बममधलं ‘अ‍ॅनिमा क्रिस्टी’ चुकवू नका. प्रार्थना शेकडो वर्षं जुनी, पण गिटारवर ग्रँट ग्रीन, आणि खालून बड जॉन्सनचा बेस क्लॅरिनेट (खर्जातलं फुंकवाद्य) असा घुमतो की पाय आपोआप हलायला लागतो. जिमी मिचेलचा आवाजही विनवणीचा कमी, हक्काचा जास्त. (काही तुकडे मला फिके वाटतात, सगळं एका दमात ऐकायलाच हवं असं नाही.)

राहिला तुमचा नास्तिकपणा. स्तोत्र संपल्यावर लगेच, दुसऱ्याच क्रमांकावर, बाईंनी अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनचं ‘इट एन्ट नेसेसरिली सो’ ठेवलंय. बायबलात वाचलेलं सगळं खरंच असेल असं नाही, असं म्हणणारं ते गाणं. इथे शब्द नाहीत. तुम्ही शोधत होतात तो पियानो मात्र आहे.