वाचकांचे प्रश्न : हाफ-टन पिकअपला बर्फाचे पाते झेपेल का?

प्रश्न : माझा मुलगा कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, बॅरी येथे नोकरीला आहे. त्याने नुकतीच एक जुनी हाफ-टन पिकअप (हलक्या वर्गातील, मागे उघडा हौदा असलेली गाडी) घेतली असून तिच्या पुढे बर्फ सारणारे पाते बसवायचे त्याच्या मनात आहे. स्वतःचे अंगण तर मोकळे होईलच, शिवाय पहाटे कामावर जाण्याआधी आसपासच्या वीसेक घरांचे काम घेतले तर गाडीच्या कर्जाचा हप्ता भागेल, असे तो म्हणतो आणि पात्यासाठी माझ्याकडे रक्कम मागतो. आम्ही ट्रॅक्टर वापरणारी माणसे, बर्फाची कल्पना नाही. गाडीला हे काम झेपेल का?
— एक शेतकरी वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : स्वतःच्या अंगणापुरते झेपेल, मात्र पाते हलके निवडले पाहिजे. वीस घरांचा धंदा या गाडीवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बेळगावच्या उद्यमबागेतील नोकरीनंतर मी सहा हिवाळे ओंटारिओतील एका गॅरेजात काढले आणि अशा गाड्या उघडून पाहिल्या, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

प्रथम बर्फाविषयी. आपल्या जिल्ह्यात कणकुंबीला पाऊस कोसळत असताना अथणीचे शेतकरी आभाळाकडे पाहत असतात, तसाच फरक तिकडे बर्फाचा असतो. थंड वारा ह्युरॉन सरोवराच्या आणि जॉर्जियन उपसागराच्या त्या मानाने उबदार पाण्यावरून येताना बाष्प उचलतो आणि पलीकडच्या काठावर ते बर्फ होऊन पडते. बॅरी त्या पट्ट्यात येते. दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवरच्या टोरांटोत तेवढे बर्फ पडत नाही. कोरडे ताजे बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो भरते, तर ओले बर्फ ३०० किलोपर्यंत जाते. म्हणजे १५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद अंगणावर २० सेंटिमीटर थर साचला, तर तो कोरडा असल्यास १,८०० किलो आणि ओला असल्यास ५,००० किलोंहून अधिक होतो. म्हणून बर्फ थांबण्याची वाट न पाहता, थर दहा-बारा सेंटिमीटरचा असतानाच एक हात फिरवावा.

इंग्रजीत या अवजाराला नांगर म्हणत असले, तरी ते जमीन उकरत नाही. आपल्याकडे शेत सपाट करायला ट्रॅक्टरला लावतात त्या फळीसारखेच त्याचे काम असते. फरक इतकाच, की ती फळी मागे असते आणि हे पाते पुढच्या चाकांच्याही पुढे लोंबकळते. सगळी अडचण तिथे आहे. समजा, जोडणीसह पाते १८० किलोचे आहे, त्याचा भारमध्य पुढच्या आसाच्या दीड मीटर पुढे आहे आणि दोन आसांतील अंतर ३.६ मीटर आहे. पाते उचलून धरले की पुढच्या आसावर १८० नव्हे, तर २५५ किलो वाढतात आणि मागचा आस ७५ किलोंनी हलका होतो. बैलगाडी धुरजड झाली की बैलांच्या मानेवर काय येते, हे आपल्याला सांगायला नको. येथे ते ओझे पुढच्या स्प्रिंगांवर, बॉल-जॉइंटवर आणि बेअरिंगवर येते, आणि मागची चाके मात्र निसरड्यावर पकड गमावतात. इंजिन कितीही दमदार असले, तरी या हिशेबात ते उपयोगी पडत नाही.

यावर उपाय म्हणून मागे रेतीची पोती ठेवतात, पण ती कुठे ठेवली याला फार महत्त्व आहे. मागच्या आसाच्या ०.९ मीटर मागे १५० किलो घट्ट बांधले, तर पुढच्या आसावरचे सुमारे ३७ किलो कमी होतात. तीच पोती केबिनला टेकवून, म्हणजे मागच्या आसाच्या पुढे ठेवली, तर पुढचा भार उलट वाढतो. नेमके किती वजन ठेवायचे, हे पात्याच्या कंपनीच्या तक्त्यात पाहावे.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची, आणि माझ्या मते धंद्याला नकार द्यायला तेवढीच पुरे आहे. एका अंगणात पंधरा वेळा पुढे-मागे केले, तरी वीस घरांत एका पहाटेत तीनशे वेळा पुढे-मागे होते आणि दर वेळी गिअर दोनदा बदलतो. घाईत असलेला माणूस गाडी पूर्ण थांबण्याआधीच रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये (ऑटोमॅटिक गाडीच्या पुढे जाण्याच्या गिअरमध्ये) टाकतो. तेल तापते, आतील क्लच झिजतात. आमच्याकडे आलेल्या बहुतेक गाड्यांची गत अशीच झालेली होती. कामावर वेळेत पोहोचण्याची घाई आपल्या चिरंजीवांना रोजच असणार, म्हणून मला ही काळजी अधिक वाटते. बर्फ सारताना वेग ताशी १५ किलोमीटरच्या आत असावा; कडेच्या गोठलेल्या ढिगाला धडक देऊन तो सरकवण्याचा मोह तर कधीच होऊ देऊ नये. ढीग मागाहून दगडासारखे होतात, त्यामुळे हंगामाच्या पहिल्या बर्फापासूनच ते शक्य तितके लांब ढकलून ठेवावे लागतात.

उचललेले पाते रेडिएटरची हवा अडवते, म्हणून रस्त्याने जाताना तापमानाच्या काट्यावर लक्ष हवे. पाते उचलणारा पंप एकदम खूप वीज ओढतो; बॅटरी जुनी असेल तर आधी बदलावी. पैसे घेऊन काम करायचे झाल्यास खासगी गाडीचा विमा बहुधा पुरत नाही, वेगळा घ्यावा लागतो. अंगणातले बर्फ रस्त्यावर लोटण्यास ओंटारिओच्या वाहतूक कायद्यात मनाई आहे, हेही त्यांना कळवावे.

रक्कम पाठवण्याआधी चिरंजीवांकडून दोन गोष्टी मागवून घ्याव्यात : चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीचे छायाचित्र, ज्यावर पुढच्या आसाची कमाल भारक्षमता छापलेली असते, आणि जोडणीसह पात्याचे वजन. त्यानंतर कारखान्यावर आपण उसाची गाडी काट्यावर चढवतो, तशी पिकअपची फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन, आत चालक बसवून वजन करायला सांगावे. त्या आकड्यात वर दाखवल्याप्रमाणे पात्याचा वाढीव भार मिळवून बेरीज पट्टीवरच्या मर्यादेच्या आत येत असेल, तर स्वतःच्या अंगणासाठी पाते घ्यायला हरकत नाही.