बंदी आधी नकोशी, मग हवीशी : धूम्रपानबंदीवर वाचकांचे प्रश्न

सार्वजनिक जागांमधल्या धूम्रपानबंदीबद्दल लोकांना काय वाटतं आणि ते वाटणं कसं बदलत जातं, याचा मी अभ्यास करते. या वेळी आलेली बहुतेक पत्रं पब आणि बारबद्दलची आहेत, आणि त्यांतली बरीचशी चिडून लिहिलेली. ती चीड मला समजते. म्हणून सर्वांत तिखट प्रश्न आधी घेते.

प्रश्न : लोकांना नको असलेला कायदा लोकशाहीत लादायचाच कसा? पबमध्ये जाणाऱ्यांना आधी विचारलं असतं, तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं.

सिगारेट ओढणाऱ्यांनी तरी नक्कीच नाही म्हटलं असतं. तसं विचारलंही गेलं होतं, आणि उत्तर अगदी तुम्ही म्हणता तसंच आलं होतं. पण गोष्ट तिथे संपत नाही.

पब आणि रेस्टॉरंटसकट कामाच्या सगळ्या बंदिस्त जागांवर देशभर बंदी आणणारा पहिला देश आयर्लंड. तारीख 29 मार्च 2004. जिथे पब म्हणजे गावाची बैठकच, तिथे हा कायदा कोणी पाळणार नाही असं अनेकांचं भाकीत होतं. बंदीच्या आधी आणि नंतर साधारण वर्षभराच्या अंतराने तिथल्या सिगारेट ओढणाऱ्यांना तेच प्रश्न विचारले गेले. पबमध्ये पूर्ण बंदी हवी असं आधी म्हणणारे होते फक्त 13 टक्के. नंतर ते झाले 46 टक्के. रेस्टॉरंटबाबत हाच आकडा 45 वरून 77 वर गेला. ‘हा कायदा चांगला आहे की वाईट’ असं थेट विचारलं, तेव्हा 83 टक्क्यांनी तो चांगला किंवा फार चांगला असल्याचं सांगितलं. हे सगळे स्वतः सिगारेट ओढणारे होते, हे लक्षात घ्या.

या आकड्यांत एक विसंगती दिसते आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. निम्म्याहून जास्त लोक पबमधल्या पूर्ण बंदीच्या बाजूने अजूनही नव्हते, तरीही बहुसंख्यांना एकूण कायदा चांगला वाटत होता. म्हणजे माणूस एकाच वेळी ‘मला इथे ओढता यायला हवी होती’ आणि ‘हे झालं ते बरं झालं’ अशी दोन मतं बाळगू शकतो. सर्वेक्षणात एकच प्रश्न विचारून जनमत ठरवणारे नेमके इथेच चुकतात.

मत बदलतं कशामुळे? बंदीआधी विचाराल तर माणूस आपलं काय जाणार याची कल्पना करून उत्तर देतो. बंदीनंतर तो अनुभवावरून बोलतो. संध्याकाळ तशीच रंगते, मित्र तेच असतात, फक्त घरी परतल्यावर शर्टाला वास येत नाही. दुसरं कारण ॲशट्रे. टेबलावर ठेवलेली ॲशट्रे म्हणजे ‘ओढा’ असं न बोलता दिलेलं आमंत्रण असतं. ती उचलली गेली की हातही सवयीने खिशाकडे जात नाही. तिसरं कारण सिगारेट ओढणाऱ्यांच्या मनातलं आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांना ती कधी ना कधी सोडायची असते. आयर्लंडमध्ये जवळपास निम्म्यांनी, 46 टक्क्यांनी, कायद्यामुळे सोडण्याची शक्यता वाढल्याचं सांगितलं. मधल्या काळात ज्यांनी खरोखर सोडली, त्यांतल्या 80 टक्क्यांना कायद्याची मदत झाली होती.

आणि लोकशाहीचा मुद्दा काढलाच आहे, म्हणून बव्हेरियाचं उदाहरण. जर्मनीतल्या या राज्यात सरकारने आधीची बंदी सैल केली. त्यावर नागरिकांनीच सह्या गोळा करून सार्वमत घडवून आणलं. 4 जुलै 2010 रोजी मतदान करणाऱ्यांतल्या सुमारे 61 टक्के लोकांनी कडक बंदीच्या बाजूने कौल दिला. ऑस्ट्रियात 2018 साली सरकारने ठरलेली बंदी रद्द केली, तेव्हा ती परत आणा या मागणीसाठी सुमारे 8 लाख 80 हजार लोकांनी सह्या केल्या. शेवटी 1 नोव्हेंबर 2019 पासून ती लागू झाली. दोन्ही ठिकाणी राज्यकर्ते मागे हटले होते आणि लोक पुढे होते.

प्रश्न : मी तीस वर्षं सिगारेट ओढते. शरीर माझं, पैसे माझे. पब ही मोठ्या माणसांची जागा. ज्याला धूर सोसत नाही, त्याने तिथे येऊ नये. मला गुन्हेगारासारखं बाहेर का उभं करता?

ताई, तुम्ही गुन्हेगार नाही आहात, आणि तुम्हाला तसं वाटायला लावणाऱ्यांच्या मी बाजूने नाही. तुमचं शरीर तुमचं, हेही मान्य. पण ‘त्याने येऊ नये’ हा सल्ला गिऱ्हाइकाला देता येतो. टेबल पुसायला येणाऱ्या पोराला कसा देणार? त्याला यावंच लागतं. तुम्ही तिथे दोन तास बसता, तो आठ तास वावरतो, आठवड्याचे पाच-सहा दिवस.

कॅलिफोर्नियात बारमध्ये बंदी आली जानेवारी 1998 मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोतल्या 53 बारटेंडरांना संशोधकांनी बंदीच्या आधी आणि नंतर तपासलं. आधी त्यांतल्या 39 जणांना खोकला, कफ, दम लागणं, छातीत घरघर अशी काही ना काही तक्रार होती. बंदीनंतर काही आठवड्यांतच त्या 39 पैकी 23 जणांची तक्रार पूर्ण गेली. या बारटेंडरांपैकी काही स्वतः सिगारेट ओढणारे होते, आणि तरीही एकूण गटाला आराम पडला.

तुम्ही ओढता तो धूर आणि सिगारेटच्या टोकावरून आपोआप सुटणारा धूर, यांतही फरक आहे. दोन झुरक्यांच्या मधल्या काळात सिगारेट कमी तापमानाला धुमसत असते, आणि तो धूर कुठल्याही फिल्टरमधून गाळला न जाता थेट हवेत मिसळतो. खोलीतल्या धुराचा मोठा भाग हाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकला. या धुरामुळे जगभरात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

बाहेर उभं राहण्याबद्दल एकच सांगते. तो नियम सिगारेटला बाहेर काढतो, तुम्हाला नाही. पाच मिनिटांनी तुम्ही पुन्हा आपल्या खुर्चीवर असता.

प्रश्न : मालकालाच ठरवू द्या ना. दारावर पाटी लावा, ‘इथे चालते’ किंवा ‘इथे चालत नाही’. ज्याला जे हवं ते तो निवडेल.

ऐकायला हा तोडगा इतका समंजस वाटतो की स्पेनने तो प्रत्यक्षात आणला. 2006 च्या कायद्यात 100 चौरस मीटरपेक्षा लहान बार आणि रेस्टॉरंटना निवड दिली होती. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी ‘चालते’ हीच पाटी लावली. पाच वर्षांनी, 2 जानेवारी 2011 पासून, स्पेनला सरसकट बंदी करावी लागली.

मालकांना धुराची हौस नव्हती. पाच मित्र संध्याकाळी बाहेर पडतात, त्यांतला एक सिगारेट ओढणारा. जिथे ओढता येत नाही तिथे तो यायला नाराज असतो, आणि उरलेले चौघं ‘जाऊ दे’ म्हणून त्याच्यामागे जातात. हिशेबाच्या वहीत मात्र पाच गिऱ्हाइकांना धूर चालतो अशी नोंद होते. शिवाय मी बंद केलं आणि शेजारच्याने नाही केलं तर, ही भीती प्रत्येक मालकाला असते. सगळ्यांना एकदमच नियम लागू झाला की ही भीतीच उरत नाही. म्हणूनच कायदा येण्याआधी विरोध करणारे मालकही, तो यायचाच असेल तर सर्वांना सारखा असू दे, असं म्हणतात. त्यांचं म्हणणं रास्त आहे.

इंग्लंडमध्ये जेवण न देणारे पब आणि खासगी क्लब यांना सूट देण्याचा सरकारचा मूळ विचार होता. असे नुसत्या दारूचे पब गरीब वस्त्यांत जास्त असतात. म्हणजे ज्यांना आधीच आजार जास्त, त्यांच्याच वाट्याला धूर. 14 फेब्रुवारी 2006 रोजी खासदारांना पक्षादेशाशिवाय मतदानाची मोकळीक मिळाली आणि त्यांनी 384 विरुद्ध 184 मतांनी सूट फेटाळून सगळीकडे बंदी केली. कायदा 1 जुलै 2007 पासून लागू झाला.

धंदा बुडतो का, हेही दोघांनी विचारलंय. 2003 साली जगभरातल्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. ज्यांची पद्धत सर्वांत चोख होती, त्या अभ्यासांत बंदीचा धंद्यावर एक तर परिणाम दिसला नाही किंवा चांगला दिसला. नुकसान दाखवणारे अभ्यास जवळजवळ सगळे तंबाखू उद्योगाच्या पाठबळाने झालेले होते. इंग्लंडमध्ये 2007 नंतर बरेच पब बंद पडले हे खरं, पण त्याच सुमारास मंदी आली आणि दुकानातून स्वस्तात दारू घरी नेण्याची सवयही वाढत होती. बंदीचा त्यात वाटा शून्य होता असं मी म्हणणार नाही. फक्त पिण्यासाठी आणि ओढण्यासाठी लोक जिथे येत, त्या लहान पबना झळ लागली असणार. पण त्याची भरपाई तिथल्या कामगाराच्या फुप्फुसातून करावी, हे मला पटत नाही.

प्रश्न : चांगले पंखे आणि वेगळी काचेची खोली केली तर दोघांचीही सोय होणार नाही का?

नाही. वायुवीजनामुळे वास आणि ढग कमी होतात, त्यामुळे हवा स्वच्छ झाल्यासारखी वाटते, पण सूक्ष्म कण आणि विषारी वायू राहतात. एके काळी विमानात पुढच्या रांगा न ओढणाऱ्यांच्या आणि मागच्या ओढणाऱ्यांच्या असत. हवा मात्र सगळ्यांची एकच. काचेच्या खोलीचं दार दर वेळी उघडतं तेव्हा धूर बाहेर येतो, आणि आतले ग्लास उचलायला कोणाला तरी आत जावंच लागतं.

प्रश्न : पबमध्ये बंद केली की माणूस घरी बसून ओढणार. मग त्रास बायकोमुलांना. याचा कोणी विचार केला आहे का?

ही भीती मला स्वतःलाही होती. म्हणून स्कॉटलंडचे निष्कर्ष आले तेव्हा मी ते दोनदा वाचले. तिथे 26 मार्च 2006 पासून बंदी आली. बंदीच्या आधी आणि नंतर शाळेतल्या साधारण 11 वर्षांच्या मुलांच्या लाळेत कोटिनिन किती आहे ते मोजलं गेलं. निकोटिन शरीरात गेल्यावर त्यापासून कोटिनिन बनतं, त्यामुळे मूल किती धुरात राहतं ते त्यावरून कळतं. पालक काय सांगतात यावर विसंबावं लागत नाही. धूर घरात सरकला असता तर हे प्रमाण वाढायला हवं होतं. ते सरासरी 39 टक्क्यांनी घटलं. मुलांच्या दम्याचंही तसंच. कायद्याआधी स्कॉटलंडमध्ये दम्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या वर्षाला सुमारे 5 टक्क्यांनी वाढत होती. कायद्यानंतर ती वर्षाला सुमारे 18 टक्क्यांनी घटू लागली.

एक गोष्ट मात्र नजरेआड करू नका. ज्या मुलांचे आई आणि वडील दोघंही ओढतात, त्यांना फारसा फायदा झाला नाही. पबमधली बंदी त्या घरांपर्यंत पोचत नाही. तिथे सिगारेट सोडायला मदत करणारा डॉक्टर, समुपदेशक आणि औषधं पोचायला हवीत. नुसता कायदा करून जबाबदारी संपली असं मानणाऱ्या सरकारांवर माझा खरा राग आहे तो यासाठी.

प्रश्न : आता पबची बाग, समुद्रकिनारा, बसथांबा, सगळीकडेच बंदीची भाषा सुरू आहे. कुठे थांबायचं?

इथे माझं मत बरंच सावध आहे. बंदिस्त जागेबद्दलचा पुरावा भक्कम आहे. उघड्यावर धूर पटकन पांगतो. टेबलं खेटून असतील किंवा वर छप्पर असेल तर त्रास होतो, पण मोकळ्या किनाऱ्यावर जवळच्या माणसापलीकडे तो फारसा पोचत नाही. त्यामुळे आतल्या बंदीसाठी दिलेलं कारण तसंच्या तसं बाहेर लावता येत नाही. लोकांनाही हा फरक कळतो. ब्रिटनमध्ये 2024 च्या ऑगस्टमध्ये पबच्या बागांवरही बंदी आणण्याचा विचार पुढे आला, पबचालकांनी जोरदार विरोध केला, आणि नोव्हेंबरमध्ये विधेयक मांडताना सरकारने तो भाग सोडून दिला.

लहान मुलांची खेळाची मैदानं आणि रुग्णालयांची आवारं मी वेगळी मानते. तिथे धुराइतकाच महत्त्वाचा प्रश्न मुलांच्या आणि आजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय असावं हा आहे, आणि तो मोकळेपणाने तसाच मांडावा. बंदी उदाहरण घालून देण्यासाठी असेल तर तसं सांगावं. आरोग्याचा पुरावा ताणून वापरला तर आतल्या बंदीवरचा लोकांचा विश्वासही ढळतो.

प्रश्न : बंदी असूनही समोरचा ओढत असेल तर काय बोलावं? मला भांडण नको असतं.

आधी स्वतः बोलू नका, तिथे काम करणाऱ्याला सांगा. नियम राबवण्याची जबाबदारी त्या जागेची आहे आणि ‘साहेब, इथे परवानगी नाही, बाहेर सोय आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडून आलं तर कोणाला टोचत नाही. कोणीच नसेल आणि तुम्हालाच बोलावं लागलं, तर कायद्याचं कलम किंवा दंड काढू नका. ‘मला धुराचा त्रास होतो, जरा बाहेर ओढाल का?’ इतकं पुरतं. बहुतेक माणसं यावर ‘सॉरी, लक्षातच नाही आलं’ म्हणत उठतात. जो उठत नाही, त्याच्याशी वाद न घालता तुम्हीच जागा बदला आणि जाताना व्यवस्थापकाला सांगून जा.