दात सरळ करणारा पारदर्शक प्लास्टिकचा साचा, म्हणजे अलाइनर, लावून चार दिवस झाले, दात ठणकतात आणि बोलताना जीभ अडखळते. ऑफिसच्या वेळात काढून ठेवला तर चालेल का?

नका काढून ठेवू, कळकळीने सांगते. अलाइनरचा एकेक सेट दाताला जेमतेम पाव मिलिमीटर सरकवतो, तेही दिवसाचे २० ते २२ तास तोंडात असेल तर. नऊ तास डबीत राहिला की दात मागे फिरायला लागतात, रात्री तोच सेट जास्त आवळतो आणि पुढचा नीट बसत नाही. ठणका नवीन सेटच्या पहिल्या काही दिवसांचाच असतो. मी म्हणून सेट रात्री जेवणानंतर बदलायचे. निम्मं दुखणं झोपेत सरायचं.

बोलण्याचं म्हणाल तर वरच्या दातांमागे जिभेला नवा थर लागतो, त्यामुळे 'स' घसरतो. 'चमचा', 'जास्त' हे शब्द तर माझ्या तोंडून फुसफुसतच निघायचे. रोज रात्री दहा मिनिटं आईला पेपर मोठ्याने वाचून दाखवला. आठवड्याभरात फोनवर कुणाला कळेनासं झालं.

खरं जड गेलं ते चहाचं. माझं ऑफिस फोर्टात, दिवसाला चार कटिंग ठरलेले. अलाइनर घालून गरम चहा प्यायचा नाही. प्लास्टिक वाकडं होतं, डाग पडतात आणि साखर दाताला चिकटून राहते. मग एक चहा नाश्त्यासोबत, एक डब्यानंतर, मधले दोन बंद. आमटी-भाजी खाऊन नुसती चूळ भरून भागत नाही, परत घातलेल्या अलाइनरवर हळदीचा पिवळा रंग चढतो. ब्रश पर्समध्येच ठेवा. धुवायला साधं पाणी, गरम नको.

काढताना पुढून ओढू नका. मागच्या दाढेपाशी, आतल्या बाजूने नख घालून सोडवा. पहिल्या दिवशी वॉशबेसिनपाशी मला पाच मिनिटं लागली होती, डोळ्यांत पाणी आलं. आणि काढला की थेट डबीत! मी एकदा कँटीनमध्ये टिश्यूत गुंडाळून ठेवला, टेबल पुसणाऱ्याने उष्ट्याबरोबर उचलून नेला. संध्याकाळी डोंबिवली लोकलमध्ये जीभ सारखी मोकळ्या दातांवरून फिरत होती. डॉक्टरांनी त्या रात्री आधीचा सेट घालायला सांगितला, तो जपून ठेवला होता म्हणून बरं.

तुम्हीही जुना टाकू नका. कडा गालाला किंवा जिभेला कापत असेल तर सोसत बसू नका, डॉक्टर दोन मिनिटांत घासून देतात.