बॉनेटखालचे प्रश्न: कमी खर्चात ताकद वाढवायची तर

प्रश्न: माझी गाडी १.२ लिटरची, चार सिलिंडरची, बिनटर्बो (हवा दाबून भरणारा पंखा नसलेलं) पेट्रोल, ८३ बीएचपी. कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), मोकळा सायलेन्सर आणि हेडर (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या नळ्या) असा संच बसवला की १५ बीएचपी वाढतात, असं मित्र सांगतो. तिन्ही एकदम परवडणार नाहीत. सुरुवात कशाने करू?

उत्तर: सुरुवात मोजण्यापासून करा. त्याला फक्त ओबीडी सॉकेटमध्ये (इंजिनची माहिती वाचायच्या जागी) बसणारा छोटा ॲडॉप्टर आणि मोबाइलवरचं एक ॲप लागतं. तुमच्या गाडीत इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) दाबाचा सेन्सर असेल, तर इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा आणि ॲपवरचा आकडा लिहून ठेवा. तो बाहेरच्या हवेचा दाब, समजा १०० किलोपास्कल. मग त्याच ठिकाणी, मोकळ्या आणि सुरक्षित रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आरपीएम रेडलाइनच्या (कमाल मर्यादेच्या) जवळ नेताना तोच आकडा रेकॉर्ड करा. वरच्या आरपीएमला तो ९७ दिसला, तर फिल्टर, नळ्या आणि थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) मिळून फक्त ३ टक्के अडवत आहेत. हा सगळा अडथळा जादूने नाहीसा झाला तरी ८३ बीएचपीवर अडीचच्या आसपासच भर पडेल. त्यातला नुसत्या फिल्टरचा वाटा आणखी कमी. फरक ६-७ निघाला तर मात्र काहीतरी बिघडलंय: फिल्टर तुंबलाय, हवेची नळी आत चेपलीय किंवा थ्रॉटल पूर्ण उघडत नाही. तेव्हा नवा, कंपनीचाच कागदी फिल्टर टाकून पुन्हा मोजा. बहुतेक वेळा तिथेच काम भागतं.

कोन फिल्टरमुळे तर उलट तोटा होण्याची शक्यता जास्त. कंपनीचा फिल्टर बंद डब्यात असतो आणि त्याची नळी पुढच्या जाळीजवळून गार हवा घेते. उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. इनटेकची हवा २५ अंशांवरून ५५ अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ९ टक्के घटते. शिवाय नॉकिंग (पेट्रोल-हवेचं मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो, म्हणजे आणखी घट. वेग घेतल्यावर हा फरक कमी होत जातो, पण सिग्नलवरून निघताना गाडी आधीपेक्षा सुस्तच वाटते. हवा ओढण्याचा आवाज मोठा होतो आणि कानाला वाटतं, गाडी पळतेय!

धुऊन तेल लावायचे कापडी फिल्टर घेत असाल तर आणखी एक सांभाळा. गाडीत हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असेल आणि फिल्टरला तेल जास्त झालं, तर ते उडून सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं. मापन चुकतं आणि मिश्रण बिघडतं. तो सेन्सर त्याच्याच खास स्प्रेने साफ करायचा. कापसाने पुसायचा नाही, कार्ब्युरेटरच्या क्लीनरने तर नाहीच.

मागचा सायलेन्सर बदलून मुख्यतः आवाज बदलतो. त्यातही पाइप फार रुंद घेतला की गॅसचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमचा पिकअप जातो. एवढ्या इंजिनाला ४५ ते ५० मिमीचा पाइप पुरतो. हेडरचा खरा फायदा होऊ शकतो, पण आधी गाडीखाली वाकून बघा. आजच्या कित्येक छोट्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधलं प्रदूषण कमी करणारा भाग) थेट त्यावर बोल्ट केलेला. तिथे हेडरचा विषयच संपतो. कन्व्हर्टर काढून टाकायच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा. चेक इंजिनचा दिवा लागतो, प्रदूषण चाचणीत गाडी अडकते आणि बहुतेक देशांत ते बेकायदाच आहे. हेडर बसतच असेल तर गास्केट नवीच घाला. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बारीक गळती राहिली तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी असलेलं) भासतं आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो.

थोडक्यात, या संचातून १५ बीएचपी निघणार नाहीत. तेवढ्याच पैशांत हलकी चाकं आणि चांगले टायर घेतलेत तर गाडी जास्त चपळ वाटेल.

प्रश्न: १ लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल. फक्त रिमॅप (ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) करायचा आहे. आणखी काही लागेल का?

उत्तर: छोट्या गाडीत पैसे वसूल होण्याची खरी जागा हीच. टर्बोचा दाब सॉफ्टवेअरने वाढवता येतो, त्यामुळे १५ ते २० टक्के वाढ सहसा मिळते आणि ती मधल्या आरपीएमला लगेच जाणवते. मात्र रिमॅपच्या आधी चार गोष्टी उरका.

पहिली, स्पार्क प्लग. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं. जुने, झिजलेले प्लग वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर मिसफायर करतात आणि खापर रिमॅपवर फुटतं. नवे प्लग घाला. कंपनीचा गॅप (प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर) ०.८ मिमी असेल तर ट्यूनरला (रिमॅप करणाऱ्याला) विचारून ०.६५ ते ०.७ वर आणा. वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी. मधल्या इरिडियमच्या टोकाला टेकू देऊन उचकटलंत तर ते तुटतं. इंजिन गार असतानाच प्लग काढा. बसवताना आधी हाताने फिरवा, मग टॉर्क पाना. गास्केटवाल्या प्लगला १२ मिमी आटे असतील तर साधारण १५ ते २० न्यूटन-मीटर, १४ मिमीला २५ ते ३०. हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. आट्यांना ग्रीस लावून तोच आकडा धरला तर प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात.

दुसरी, तेल. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला जास्त भार पडला की कधीकधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. एका झटक्यातही पिस्टन फुटू शकतो. हे टाळण्यासाठीची चाचणी एपीआय एसपी (डब्यावर छापलेला दर्जा) या दर्जाच्या तेलात घेतलेली असते, म्हणून तेच वापरा. दाटपणाचा ग्रेड (व्हिस्कॉसिटी) मात्र मॅन्युअलमधलाच. आणि पाचव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला ॲक्सिलरेटर तळाला नेऊ नका.

तिसरी, क्लच. चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उसळला आणि वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच आत्ताच घसरतोय. रिमॅपनंतर तो फार टिकणार नाही.

चौथी, ट्यूनर. त्याच्याकडे नुसता आलेख मागू नका, लॉग मागा: टर्बोचा दाब, इनटेकचं तापमान, प्रत्येक सिलिंडरमागे ठिणगी किती मागे घेतली. मूळ फाइल परत मिळेल ना, हे आधी ठरवा. विमा कंपनीला कळवा. वॉरंटी मात्र गेली असंच धरून चाला.

इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा गार करणारा भाग) नंतर. लॉगमध्ये सलग दोन-तीन धावांत इनटेकचं तापमान चढतच गेलं, तरच.

प्रश्न: सॉकेटमध्ये लावायचा 'पॉवर चिप' आणि पेडलचा कंट्रोलर, यातलं काय घ्यावं?

उत्तर: काहीच नाही. पेडल कंट्रोलर पाव दाबलेलं पेडल अर्धं दाबल्याचं सांगतो. पूर्ण दाबल्यावर गाडी तीच. स्वस्त चिपमध्ये बऱ्याचदा नुसता दिवा असतो. तापमान सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर जोडायचा प्रकार तर धोक्याचा. ईसीयूला हवा गार वाटते, तो ठिणगी लवकर पाडतो आणि गरम दिवसात इंजिन नॉक करतं.

प्रश्न: १ लाख १० हजार किलोमीटर झालेली बिनटर्बो गाडी चढावर दमते. कोणता भाग बदलून जोर वाढेल?

उत्तर: आधी गेलेला जोर परत आणा. चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवा, ब्रेक धरून ठेवत नाहीत ना बघा. मग ओबीडीवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) वाचा. आयडलिंगला +१५ आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ असेल तर कुठेतरी फाटकी व्हॅक्यूम नळी आहे. आयडलिंगला ठीक आणि भार पडताच वर चढत असेल तर पेट्रोल कमी पोचतंय किंवा हवेचा सेन्सर मळलाय. शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासा: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंजेक्शन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांत १ बारपेक्षा जास्त फरक आला तर कमी असलेल्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट बघा.

प्रश्न: टर्बो गाडीला आवाजासाठी हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह चालेल?

उत्तर: हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असेल तर नको. मोजलेली हवा बाहेर गेली तरी ईसीयू तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकतो, आणि दर गिअर बदलताना मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन गाडी अडखळते. फक्त दाबाच्या सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत ही अडचण येत नाही. ताकद मात्र कशातच वाढत नाही.